सरकारी कचेरी, खासगी भांडवल आणि सल्लागार

२०१८ सालच्या आरंभी कर्नाटकात जे नवे तालुके अस्तित्वात आले, त्यांत बीदर जिल्ह्यातील कमलनगर, हुलसूर व चिटगुप्पा आणि कलबुर्गी जिल्ह्यातील कमलापूर, काळगी, शहाबाद व यड्रामी यांचा समावेश होता. तालुका निर्माण करणे कागदावर फारसे अवघड नसते. राजपत्रात आज्ञा प्रसिद्ध झाली की तालुका जन्मास येतो. पण तहसीलदाराने कोठे बसावयाचे, उपकोषागाराची तिजोरी कोणत्या भिंतीआड ठेवावयाची, भूमापनाचे नकाशे कोणत्या फडताळात लावावयाचे आणि उन्हातान्हातून आलेल्या माणसाने आपला क्रमांक लागेपर्यंत कोठे टेकावयाचे, या प्रश्नांची उत्तरे राजपत्रात नसतात. त्यांसाठी इमारत लागते, आणि इमारतीसाठी पैसा लागतो.

नव्या तालुक्यांचा लाभ उघड आहे. कमलनगरच्या शेतकऱ्याला पूर्वी तहसिलीच्या कामासाठी औराद गाठावे लागे, हुलसूरच्या माणसाला बसवकल्याण आणि चिटगुप्प्याच्या माणसाला हुमनाबाद. एका फेरीत काम झाले तर एका दिवसाची मजुरी बुडे; साहेब दौऱ्यावर असले तर दोन दिवसांची. कचेरी जवळ आली की ही बूड वाचते. परंतु जवळ आलेली कचेरी जर तात्पुरत्या जागांत, एक खाते या गल्लीत आणि दुसरे त्या गल्लीत अशी विखुरलेली असेल, तर वाचलेला वेळ गल्ल्या शोधण्यात जातो. म्हणून सारी खाती एका छपराखाली आणणारे संकुल ही येथे चैन नसून निकड आहे. कर्नाटकात अशा संकुलाला पुष्कळ वर्षे 'मिनी विधानसौध' म्हणत असत. पुढे त्याचे 'तालुका आडळित सौध' झाले आणि त्यानंतर 'प्रजासौध' हे नाव आले. नाव बदलण्यास खर्च थोडा येतो. छप्पर बदलण्यास पुष्कळ.

हा खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नाला गेल्या दोन-तीन दशकांत एक नवे उत्तर पुढे आले आहे. ते म्हणजे सरकारी व खासगी भागीदारी. रूढ पद्धतीत सार्वजनिक बांधकाम खाते आराखडा करते, निविदा मागवते, कंत्राटदार इमारत उभी करतो, आपले देयक घेतो आणि दोष दुरुस्तीची ठरलेली मुदत संपली की मोकळा होतो. त्यानंतर छत गळू लागले तर ते निस्तरणे सरकारकडे येते. भागीदारीच्या पद्धतीत मात्र खासगी कंपनी स्वतः भांडवल उभे करते, इमारत बांधते आणि पंधरा ते तीस वर्षे ती सांभाळते. मोबदला म्हणून सरकार तिला दरसाल ठरावीक हप्ता देते, अथवा त्याच जमिनीच्या काही भागावर दुकाने, हॉटेल वा घरे बांधून नफा मिळवण्याचा हक्क देते. छत गळले तर हप्ता कापला जातो. निदान करारात तसे लिहिलेले असावयास हवे.

ते तसे लिहिले जाईल याची काळजी घेणारा मनुष्य म्हणजे सल्लागार होय. एखादा जिल्हाधिकारी किंवा कार्यकारी अभियंता असा करार आपल्या साऱ्या नोकरीत एखाद्या वेळी करतो. समोरची कंपनी मात्र असे करार वारंवार करीत असते. तिच्याकडे वकील, हिशेबनीस आणि बँकांशी बोलणारी माणसे पगारी असतात. हा असमतोल भरून काढण्यासाठी सरकार सल्लागार नेमते. कर्नाटक सरकारने या प्रकारच्या कामासाठी २००० साली गृहवित्त व पायाभूत सुविधांच्या क्षेत्रातील दोन वित्तसंस्थांसह एक स्वतंत्र कंपनीच स्थापन केली. 'आयडेक' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. केंद्र सरकारनेही सल्लागारांच्या खर्चाला हातभार लावण्यासाठी २००७ मध्ये १०० कोटी रुपयांचा एक निधी निर्माण केला. या निधीचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावयाचा आहे, कारण त्याच्या अटींत साऱ्या विषयाची मेख दडलेली आहे.

भागीदारीचे करार या दोन जिल्ह्यांना अपरिचित आहेत असे मात्र नाही. त्यांची ओळख पाण्याच्या आणि विमानतळांच्या निमित्ताने झाली, आणि कचेरीची इमारत बांधू पाहणाऱ्याने त्या तिन्ही अनुभवांकडे पाहून घेणे इष्ट ठरेल.

पहिला अनुभव पाण्याचा. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००४ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव आणि त्या वेळचे गुलबर्गा या शहरांच्या निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. नळयोजना चालवण्याचे काम एका फ्रेंच कंपनीला दिले गेले. मात्र जलवाहिन्या आणि साऱ्या मालमत्तेची मालकी सार्वजनिकच राहिली, भांडवलही सरकारनेच घातले, आणि कंपनीच्या मोबदल्याचा एक भाग तिच्या कामगिरीशी बांधला गेला. २००८ पर्यंत त्या भागांत चोवीस तास पाणी येऊ लागले. शहराच्या मोठ्या भागाला त्याचा लाभ तेव्हा झाला नाही, ही त्या प्रयोगाची मर्यादा होती. पण कशासाठी पैसे द्यावयाचे आहेत हे आधी ठरवले की काम मोजता येते, एवढे त्यातून दिसले.

दुसरा अनुभव अगदी उलट. कलबुर्गीचा विमानतळ भागीदारीतून बांधण्याचे ठरून २००८ च्या जूनमध्ये त्याची कोनशिला बसवण्यात आली. काम ज्या खासगी कंपनीकडे होते तिला आवश्यक तेवढा निधी उभारता आला नाही. काम रेंगाळले, थांबले, आणि अखेर २०१५ मध्ये करार रद्द झाला. त्यानंतर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने ते काम हाती घेऊन पुरे केले आणि २२ नोव्हेंबर २०१९ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. कोनशिला आणि उद्घाटन यांत अकरा वर्षे गेली. खासगी भांडवलामुळे काम लवकर होते, असे जे सरसकट सांगितले जाते त्याला कलबुर्गीचे हे उत्तर आहे. भांडवल आणतो म्हणणारा आणि भांडवल आणणारा यांत अंतर असते. निविदेच्या वेळी ते अंतर मोजणे, म्हणजे कंपनीची खरी पत, तिच्यावरील इतर कामांचा बोजा आणि बँकेची लेखी तयारी तपासणे, हे सल्लागाराच्या प्रमुख कामांपैकी एक होय. आणि तरीही पैसा उभा राहिला नाही, तर किती महिन्यांत करार आपोआप संपेल हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे हे दुसरे.

तिसरा अनुभव बीदरचा, आणि तो सर्वांत विलक्षण आहे. बीदरच्या वायुदलाच्या तळावर नागरी प्रवाशांसाठी इमारत २००९ च्या सुमारास बांधून तयार झाली; पण ती वर्षानुवर्षे रिकामी राहिली. कारण बीदरमध्ये नव्हते, हैदराबादमध्ये होते. शमशाबाद येथील विमानतळ भागीदारीतून उभारताना जो करार झाला, त्यात १५० किलोमीटरच्या आत दुसऱ्या विमानतळाला ठरावीक काळ नागरी वाहतुकीची परवानगी देऊ नये अशी अट होती, आणि बीदर त्या वर्तुळात येत होते. बीदरच्या कोणाही माणसाने त्या करारावर सही केलेली नव्हती. पुढे संबंधित कंपनीने संमती दिली आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी तेथून नागरी विमान उडाले. करारातील एका कलमाने शेजारच्या राज्यातील एका जिल्ह्याचे दार दहा वर्षे बंद राहू शकते, ही गोष्ट ज्याने पाहिली आहे त्याला कचेरीच्या संकुलाच्या करारात 'याच गावात सरकारने दुसरे व्यापारी संकुल बांधू नये' अशा अर्थाची ओळ दिसली तर त्याने तेथे थांबून विचार केला पाहिजे.

आता प्रत्यक्ष इमारतीकडे वळू. सल्लागाराचे पहिले काम गरज मोजण्याचे असते आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. आराखडा करताना दालने मोजली जातात, माणसे मोजली जात नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी किती लोक येतात, पेरणीच्या तोंडावर किती, पीकविम्याची मुदत संपण्याच्या आठवड्यात किती. त्यांतील किती वृद्ध असतात. किती जण सकाळच्या एस.टी.ने येऊन दुपारच्या गाडीने परततात. हे जो महिनाभर दारात बसून मोजील त्यालाच प्रतीक्षागृह केवढे हवे ते कळेल. मंत्र्यांच्या दालनापेक्षा खिडकीपुढील सावली महत्त्वाची आहे, हे उमगण्यास पदवी लागत नाही. पण अहवालात ते लिहिण्यास थोडे धैर्य लागते. बेळगावचे सुवर्ण विधानसौध २०१२ मध्ये मोठ्या थाटाने खुले झाले. वर्षातील अधिवेशनाचे थोडे दिवस सोडले तर ती भव्य वास्तू वापरावी कशी, असा प्रश्न नंतर पडला आणि काही सरकारी कार्यालये तेथे नेण्याचे प्रयत्न झाले. गरज आधी आणि इमारत नंतर, हा क्रम उलटला की असे होते.

या सीमाभागाची आणखी एक गरज आहे, जी बंगळूर वा मुंबईहून आलेल्या सल्लागाराच्या तयार नमुन्यात सापडणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हा भाग मुंबई राज्यात गेला, गुलबर्ग्याचे कोडंगल व तांडूर आंध्रात गेले आणि या दोन जिल्ह्यांचा उरलेला बराचसा मुलूख म्हैसूर राज्यात आला. जमिनीची माणसे वाटली गेली; जमिनीचे कागद मात्र त्याच रुमालांत राहिले. निजामी राजवटीचे दप्तर उर्दूत, मराठी गावांचे पुष्कळ जुने लेख मराठीत आणि नंतरचा कारभार कन्नडमध्ये, अशी येथील अभिलेखांची घडण आहे. भाऊबंदकीच्या दाव्यात सत्तर वर्षांपूर्वीचा एक कागद पुढे येतो आणि शेताचा निकाल बदलतो. म्हणून येथील कचेरीत अभिलेख-कक्ष म्हणजे तळघरातील अडगळ नव्हे. तो कोरडा, वाळवीपासून सुरक्षित आणि आगीपासून निर्धोक असला पाहिजे. भारताच्या संविधानात ३७१ (ञ) हा अनुच्छेद समाविष्ट होऊन या प्रदेशासाठी २०१३ मध्ये विकास मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून बांधकामांसाठी पैसा मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती बांधलेले सांभाळण्याची. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरता येते. बदललेल्या नळाच्या तोटीवर ते कोरता येत नाही. भागीदारीचा या भागाला खरा उपयोग असेल तर तो भांडवलासाठी नसून देखभालीसाठी आहे, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

गरजेनंतर जमीन. येथे 'जमीन' हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावयाचा. एक अर्थ मालकीचा: सात-बारा स्वच्छ आहे की नाही, गायरान असेल तर त्याचा वापर बदलण्याची आज्ञा झाली आहे की नाही, वक्फाचा वा देवस्थानाचा हक्क आहे का, हे निविदेपूर्वी तपासले पाहिजे. (सात-बारा हा महाराष्ट्रातील शब्द झाला, कर्नाटकात त्याला पहाणी म्हणतात.) दुसरा अर्थ मातीचा. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. कलबुर्गीकडे उतरले की काळी कापसाची जमीन लागते. तिच्याखाली कोठे काळा कातळ, तर शहाबाद-सेडमच्या बाजूस चुनखडीचा थर असतो. महाराष्ट्रातील घरोघरच्या ओट्यांवर आणि अंगणांत बसलेली शहाबादी फरशी ती हीच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उथळ पायाने उभ्या राहिलेल्या भिंतींना तिरप्या चिरा पडतात. यावर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने, तळाशी कंदासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब खोलवर उतरवण्याची पद्धत विकसित केली, तिलाही आता अनेक दशके झाली. उपाय ठाऊक आहे. प्रश्न आहे तो खर्च कोणी सोसावयाचा हा. सरकारने आधी माती तपासून तो अहवाल सर्व निविदाकारांना दिला, तर प्रत्येक जण नेमका हिशेब करतो. तो दिला नाही, तर प्रत्येक जण भीतीपोटी आकडा फुगवतो आणि न घडलेल्या संकटाचे पैसेही सरकार पंधरा वर्षे भरत राहते.

जोखीम ज्याला आटोक्यात ठेवता येते त्याच्याकडे द्यावी, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आहे. जमिनीची मालकी ही सरकारची जोखीम. बांधकामाचा विलंब ही कंपनीची. विजेचे उदाहरण यापेक्षा बोलके आहे. कलबुर्गीत मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. विजेचे देयक सरकार भरणार असेल, तर कंपनी पश्चिमेला काचेची भिंत लावील आणि वातानुकूलनाची यंत्रे बसवून मोकळी होईल. देयक कंपनीने भरावयाचे ठरले, तर तीच कंपनी भिंती जाड करील, खिडक्यांवर छज्जे काढील, मध्ये चौक सोडील. वाड्याची रचना तिला कोणी शिकवावी लागणार नाही. करारातील एक ओळ ती शिकवील.

एवढे झाल्यावर हिशेब येतो, आणि हिशेबाच्या कोष्टकात सल्लागाराची सारी शक्ती असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याचे संकुल १० कोटी रुपयांत उभे राहते. सरकारला कर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि कंपनीला १० टक्क्यांनी. दोघांनाही ते पंधरा समान वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे आहे. सरकारचा हप्ता होईल सुमारे १ कोटी १० लाख. कंपनीचा होईल सुमारे १ कोटी ३१ लाख. फरक दरसाल सुमारे २२ लाखांचा, म्हणजे पंधरा वर्षांत सव्वातीन कोटींचा. देखभालीचा खर्च दोन्हीकडे सारखा धरला तर भागीदारी तेवढी महाग पडते. कंपनीने बांधकामात वा देखभालीत तेवढी काटकसर करून दाखवली, तरच ती सरकारला परवडेल.

आता यातील खुबी पाहा. पुढील पंधरा वर्षांत द्यावयाच्या हप्त्यांची आजची किंमत काढताना एक वटाव दर धरावा लागतो. तो ७ टक्के धरला, तर कंपनीला द्यावयाच्या हप्त्यांची आजची किंमत सुमारे ११ कोटी ९७ लाख भरते. म्हणजे भागीदारी जवळजवळ दोन कोटींनी महाग. तोच दर १२ टक्के धरला, तर तेच हप्ते, तीच इमारत, तीच कंपनी. पण आजची किंमत ८ कोटी ९५ लाखांवर येते आणि भागीदारी एक कोटीने स्वस्त झाल्याचे अहवालात दिसते. एका आकड्याच्या बदलाने निर्णय फिरतो, आणि हा आकडा बहुधा परिशिष्टात, बारीक टाइपात असतो. मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या टिप्पणीत तो पहिल्या पानावर असावा, ही मागणी करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हप्ताच नको, जमीन द्या आणि इमारत फुकट घ्या, असा दुसरा मार्ग आहे. तो मोठ्या शहरांत पुष्कळदा लोभस वाटतो. दिल्लीत केंद्र सरकारने २०१६ मध्ये सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली. त्यांतील नौरोजीनगर येथील व्यापारी जागा विकून इतर वसाहतींतील घरांचा खर्च भागवावयाचा, असा बेत होता. दक्षिण दिल्लीतील भाव पाहता तो बेत हिशेबात बसला. २०१८ मध्ये मात्र वृक्षतोडीवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. महाराष्ट्राचे उदाहरण सर्वपरिचित आहे. दिल्लीतील नवे महाराष्ट्र सदन २०१३ मध्ये खुले झाले. ते विकासकाने बांधून द्यावे आणि मोबदल्यात मुंबईतील अंधेरीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या जागेवरील विकासाचे हक्क घ्यावेत, अशी ती योजना होती. त्या व्यवहारावरून आरोप झाले, खटला उभा राहिला, आणि २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने तत्कालीन बांधकाम मंत्र्यांना त्या प्रकरणातील दोषारोपांतून मुक्त केले. न्यायालयीन निकाल काहीही लागो, एका शहरातील जमिनीचे मोल दुसऱ्या शहरातील इमारतीच्या मोलाशी जुळते की नाही, हे सामान्य नागरिकाला पडताळून पाहता येत नाही. रोख पैसा हातोहात दिसतो. विकासहक्क दिसत नाही.

परंतु अंधेरीचा हा मार्ग यड्रामीला मुळातच उपलब्ध नाही. नव्या तालुक्याच्या गावी पन्नास गाळे बांधून त्यांच्या भाड्यातून तहसिलीची इमारत उभी राहील असे जो सल्लागार लिहितो, त्याने त्या गावचा बाजार पाहिलेला नसतो. तेथे गाळे रिकामे राहतात, कंपनी तोट्याचे कारण पुढे करते, मग भाडेपट्ट्याची मुदत वाढवून मागते, आणि शेवटी सरकारलाच ते गाळे स्वतःच्या खात्यांसाठी भाड्याने घ्यावे लागतात. आपल्या जमिनीवर बांधलेल्या इमारतीचे भाडे आपणच भरावयाचे, अशी ती स्थिती होय.

हे घडणे केवळ मागासलेल्या मुलुखातच शक्य आहे असा समज नसावा. इंग्लंडमध्ये २००१ साली करवसुली आणि जकात या खात्यांनी आपल्या सुमारे ६०० इमारती एका खासगी कंपनीकडे सोपवल्या आणि वीस वर्षांच्या करारान्वये त्याच इमारतींत भाडे व सेवाशुल्क भरून राहण्यास प्रारंभ केला. काही काळाने उघड झाले की, इमारतींची मालकी ज्या कंपनीकडे गेली ती बर्म्युडा बेटावर नोंदलेली आहे, जेथे कर जवळजवळ नाहीतच. कर गोळा करणारे खाते कर चुकवण्याच्या सोयीच्या बेटावरील मालकाचे भाडेकरू झाले! संसदेच्या समितीने त्यावर कठोर टीका केली. पण करार झालेला होता आणि तो २०२१ पर्यंत चालला. सल्लागार त्या खात्यांनीही नेमले होते, आणि ते सामान्य दर्जाचे नव्हते. बोली लावणाऱ्या कंपनीच्या मालकीची साखळी शेवटपर्यंत पाहणे ज्याच्या कामात स्पष्टपणे लिहिलेले नसते, तो ती पाहतोच असे नाही. त्याच देशाने २०१८ मध्ये या पद्धतीचे नवे करार करणे बंद केले.

भारतात या साऱ्या अनुभवाचा आढावा डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घेतला आणि २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आपला अहवाल दिला. भागीदारीचा मार्ग सोडू नये असेच त्या समितीचे मत होते. तथापि, अगदी लहान कामांसाठी ती पद्धत वापरू नये, कारण दीर्घ करार सांभाळण्याचा खर्च आणि गुंतागुंत ही मिळणाऱ्या लाभाच्या मानाने अधिक ठरते, असेही तिने बजावले. एका तालुक्याचे एक संकुल हे याच वर्गात मोडते. सल्लागाराचे शुल्क, वकिलांचे शुल्क, स्वतंत्र अभियंत्याचे वेतन, हे सारे १० कोटींच्या इमारतीवर लादले तर इमारतीपेक्षा तिचे कागद महाग होतात. बीदरचे तीन आणि कलबुर्गीचे चार असे सात तालुके मिळून एकच करार करणे, किंवा बांधकाम सरकारी खात्याकडेच ठेवून केवळ देखभालीचा दहा-पंधरा वर्षांचा करार खासगी संस्थेशी करणे, हे दोन पर्याय त्या मानाने विचारात घेण्यासारखे आहेत. यांतील दुसरा पर्याय पाणीपुरवठ्याच्या त्या प्रयोगाशी जवळचा आहे: मालकी आपली, भांडवल आपले, कामगिरी विकत घेतलेली. या मुलुखाला तोच अधिक मानवेल असे दिसते.

असा सल्ला देणारा सल्लागार मिळेल काय, हा खरा प्रश्न आहे. आणि येथे २००७ च्या त्या केंद्रीय निधीकडे परत यावे लागते. त्या निधीतून सल्लागाराच्या खर्चाचा पाऊण हिस्सापर्यंत रक्कम बिनव्याजी मिळे. निविदा यशस्वी झाली तर ती रक्कम कंत्राट मिळवणाऱ्या कंपनीकडून वसूल होई. निविदा मागवूनही कोणी पुढे आले नाही तर ती अनुदान समजली जाई. परंतु सरकारी खात्याने मध्येच विचार बदलून निविदेची प्रक्रिया पुरी केली नाही, तर सारी रक्कम परत करावी लागे. यात उधळपट्टीला आळा घालण्याचा हेतू होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि परिणाम असा की, 'होय' म्हटले तर खर्च दुसऱ्याचा आणि 'नको' म्हटले तर खर्च आपला. सल्लागाराचे शुल्कही पुष्कळ वेळा टप्प्याटप्प्याने ठरते आणि त्याचा मोठा हप्ता करारावर सह्या झाल्यावर मिळतो. मग 'येथे भागीदारी नको, बांधकाम खात्यानेच बांधावे' हे वाक्य लिहून आपल्या शुल्काचा मोठा भाग कोण गमावील? २०२२ मध्ये केंद्राने ही योजना नव्या स्वरूपात मांडली. पण शुल्काची रचना ठरवणे हे नेमणूक करणाऱ्या खात्याच्याच हाती असते. व्यवहार्यता तपासणारा सल्लागार एक आणि निविदा चालवणारा दुसरा नेमावा, आणि पहिल्याचे शुल्क त्याचा निष्कर्ष काहीही असला तरी सारखेच राहावे, एवढी तजवीज एका परिच्छेदात करता येते.

करार झालाच, तर त्याच्या शेवटाची व्यवस्था आरंभीच करावी लागते. पंधराव्या वर्षी इमारत परत घेताना ती कोणत्या अवस्थेत असावी, छताच्या जलरोधक थराचे आयुष्य तेव्हा किती वर्षे उरलेले असावे, विजेच्या तारांचे व नळांचे नकाशे कोणत्या कार्यालयात जमा असावेत, हे तपशिलाने लिहावे लागते. अन्यथा शेवटची दोन-तीन वर्षे कंपनी एक खिळाही ठोकत नाही. परत घेण्यापूर्वी दोन वर्षे आधी स्वतंत्र अभियंत्याने तपासणी करावी आणि उणिवांची रक्कम शेवटच्या हप्त्यांतून राखून ठेवावी, हा रूढ उपाय आहे. तो तपासणारा अभियंता मात्र सरकारच्या पगारावर असावयास हवा, कारण तोवर मूळ सल्लागार कोठल्या कोठे गेलेला असतो आणि करार लिहिणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात. आणि बीदर-कलबुर्गीपुरते आणखी एक कलम घालावे लागेल: फरशी पुसण्यापासून जनित्र चालवण्यापर्यंत सारे काम कंपनीकडे असो, अभिलेख-कक्षाच्या किल्ल्या करारभर तहसीलदाराकडेच राहतील.